एकाच पाण्यातले दोन कॉड

जानेवारी संपत आला की आमच्या प्रयोगशाळेत थर्माकोलच्या पेट्या यायला लागतात. आत रांगेनं लावलेल्या छोट्या कुप्या, प्रत्येक कुपीत स्पिरिटात बुडवलेला माशाच्या कल्ल्याचा इवलासा तुकडा आणि सोबत एक कागद. मासा कुठल्या बोटीनं धरला, कुठल्या जागी, किती खोल पाण्यात, त्याची लांबी किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. पेटी नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरून विमानानं बर्गनला आलेली असते. ती हातात पडली की बाकीची कामं बाजूला. चोवीस तासांच्या आत उत्तर मत्स्यव्यवसाय संचालनालयाकडे गेलं पाहिजे, कारण तिकडे बोटी त्या उत्तरासाठी थांबलेल्या असतात.

हेनिंग्सवेर हे लोफोटेनमधलं मासेमारीचं गाव. त्याच्या बाहेरच्या समुद्राचा एक भाग नकाशावर आखून ठेवला आहे. त्याला सगळे ‘बॉक्स’ म्हणतात. हंगामात हा बॉक्स कधी खुला करायचा आणि कधी बंद ठेवायचा, हे तिथल्या कॉडच्या जनुकांवरून ठरतं. मी रत्नागिरीची. वडील मिरकरवाड्याच्या बंदरातून ट्रॉलरवर जायचे, माझं शिक्षण शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात झालं. मासेमारी बंद म्हणजे पावसाळ्यातली बंदी, तारखेनं लागणारी आणि तारखेनं उठणारी, एवढंच मला माहीत होतं. माशाच्या रक्तामांसात काय आहे ते आज तपासून उद्या समुद्राचा एक तुकडा उघडायचा, असं कुठे चालत असेल हे इथे येईपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

आपल्याकडे कॉड माहीत असतो तो लहानपणी नाक दाबून घेतलेल्या तेलामुळे. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यानं मात्र हजार वर्षांहून जास्त काळ या माशावर संसार केला आहे. आणि इथे कॉड दोन आहेत. एक बॅरेंट्स समुद्रात वाढतो. केपलिन नावाच्या लहान माशाच्या मागे थंड पाण्यात फिरतो, सहा-सात-आठ वर्षांचा होऊन वयात आला की हिवाळ्यात दक्षिणेकडे निघतो आणि शेकडो किलोमीटर पोहून लोफोटेनजवळच्या वेस्टफ्योर्डमध्ये अंडी घालायला येतो. त्याला स्क्रेई म्हणतात. दुसरा फ्योर्डमध्ये आणि किनाऱ्याजवळच्या समुद्री शेवाळाच्या रानात राहतो, फार लांब जात नाही. तो किनारी कॉड. दोघांचं शास्त्रीय नाव एकच, गाडस मोरुआ. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोघंही त्याच भागात अंडी घालतात, त्याच जाळ्यात सापडतात आणि धक्क्यावर त्याच पेटीत पडतात.

अडचण अशी की स्क्रेई संख्येनं प्रचंड आणि किनारी कॉड गेली काही दशकं खंगत चाललेला. स्क्रेईच्या थव्याबरोबर किनारी कॉडही उपसला जातो आणि वजनाच्या नोंदीत दोन्ही नुसते ‘कॉड’ म्हणून लिहिले गेले तर त्याचं कमी होणं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून हा बॉक्स. आतल्या माशांत किनारी कॉडचा वाटा मोठा असेल तोवर तो बंद. उत्तरेकडून स्क्रेईच्या लाटा येऊन पोचल्या आणि तो वाटा पुरेसा खाली आला की खुला. हे प्रमाण काही दिवसांत बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षीचा किंवा गेल्या पंधरवड्याचा आकडा कामाला येत नाही.

दोघं वेगळे आहेत ही गोष्ट मुळात ओळखली गेली ती डोक्यातल्या खड्यावरून. धोमा किंवा घोळ घरात साफ करणाऱ्यांना हा खडा माहीत असतो, पांढरा, कठीण, कवटीत कानाच्या जागी बसलेला. कॉडचाही तसाच असतो. मधोमध तोडून भिंगाखाली धरला की त्यात वर्षावर्षाची वलयं दिसतात. 1933 साली गुन्नार रोलेफ्सेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की स्क्रेईच्या आणि किनारी कॉडच्या खड्यातली अगदी आतली वलयं निरनिराळी असतात. किनारी कॉडचं आतलं वलय लहान आणि गोलसर, स्क्रेईचं मोठं आणि लांबट. मी स्वतः शिकले तेव्हा एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी दोन खडे शेजारी ठेवून मला तासभर नुसतं बघायला लावलं होतं. नाव सांगितलं नाही, फक्त ‘बघ’ म्हणाल्या. हळूहळू डोळा बसला. आतली वलयं म्हणजे त्या माशाचं बालपण. पहिली दोन वर्षं तो कुठल्या पाण्यात, किती वेगानं वाढला हे तिथे कोरलेलं असतं.

पण इथेच खरा प्रश्न उभा राहतो. खड्यातला फरक बालपणीच्या पाण्यामुळेही पडू शकतो. एकाच आईची दोन पिल्लं, एक प्रवाहाबरोबर उत्तरेला वाहून गेलं आणि दुसरं फ्योर्डमध्ये अडकलं, तरी खडे निराळेच होतील. मग हे दोन मासे रक्तानं वेगळे की फक्त वाढीनं? 1965 साली रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजून नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे कॉड वेगवेगळे असल्याचं दाखवलं गेलं. डाग म्योलर यांनी त्यावर पुढे बरंच काम केलं. पण डीएनए तपासायच्या नव्या पद्धती आल्यावर चित्र स्पष्ट होण्याऐवजी गढूळ झालं. बऱ्याच खुणांवर दोघांत फरक जवळजवळ शून्य निघायचा. आणि पॅन-वन नावाच्या एका जनुकावर मात्र फरक इतका मोठा की डोळे विस्फारावेत. त्याचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. स्क्रेईत बी जवळजवळ सगळीकडे, किनारी कॉडमध्ये ए जास्त. आमच्या चोवीस तासांच्या तपासणीत आम्ही बघतो ते हेच जनुक.

एका जनुकावर एवढा भरवसा का ठेवायचा, हा वाद बरीच वर्षं चालला आणि तो चालायलाच हवा होता. उत्तर 2016 च्या सुमाराला मिळालं, तेव्हा माझ्यासारख्या रोज त्याच जनुकाकडे बघणाऱ्यांना ते फार मोलाचं वाटलं. पॅन-वन एकटं नाही. कॉडच्या पहिल्या गुणसूत्रावर सुमारे 1 कोटी 70 लाख अक्षरांचा एक मोठा भाग आहे, त्यात शेकडो जनुकं आहेत आणि तो भाग एका प्रकारच्या कॉडमध्ये दुसऱ्याच्या मानानं उलटा बसलेला आहे. मण्यांची माळ मधे तोडून, तेवढा तुकडा फिरवून पुन्हा ओवावी तसा. मणी तेच, क्रम उलटा. अंडी आणि शुक्रपेशी तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन माळा शेजारी येतात आणि आपसांत मण्यांची देवघेव करतात. पण जिथे एक सरळ आणि दुसरी उलटी आहे तिथे ही देवघेव जमत नाही. त्यामुळे त्या भागातली जनुकं पिढ्यान्‌पिढ्या एकगठ्ठा उतरतात. बाकीची गुणसूत्रं मिसळत राहतात, दोन्ही कॉड तिथे सारखेच दिसतात. हा एक गठ्ठा मात्र फुटत नाही. ही उलटापालट काही लाख वर्षं जुनी आहे. म्हणजे लोफोटेनमध्ये माणसानं पहिला गळ टाकला त्याच्या कितीतरी आधीची.

त्या गठ्ठ्यात काय आहे हे बघितलं तर स्क्रेईचं आयुष्यच समोर येतं. आपण घोळीच्या ज्या पिशवीला बोत म्हणतो, जिला बाजारात सोन्याचा भाव येतो, ती हवेची पिशवी कॉडलाही असते. तिच्याशी संबंधित जनुकं त्यात आहेत. कॉडच्या बोताला तोंडाशी जोडणारी नळी नसते. आतला वायू रक्तातूनच भरावा लागतो आणि रक्तातूनच हळूहळू काढून घ्यावा लागतो. उथळ फ्योर्डमध्ये राहणाऱ्याला याचा फारसा त्रास नाही. पण जो खोल पाण्यात उतरतो, पुन्हा वर येतो, भक्ष्यामागे शेकडो किलोमीटर जातो, त्याची ही यंत्रणा चोख हवी. आइसलंडमध्ये कॉडच्या अंगावर खोली आणि तापमान नोंदवणारी छोटी उपकरणं बसवली, तेव्हाही हेच दिसलं. काही कॉड किनाऱ्याच्या उथळ पाण्यात राहिले, काही 200 मीटरहून खोल, थंड आणि गरम पाण्याच्या सीमेवर चरायला गेले आणि त्यांच्या पॅन-वनचे प्रकार त्या सवयींशी जुळले. स्थलांतर ही नुसती सवय नाही, ती अंगात उतरलेली आहे, हे मला या कामानं शिकवलं.

एका मार्चमध्ये नमुने घेण्यासाठी मला हेनिंग्सवेरला पाठवलं. गावाभोवतीच्या खडकांवर लाकडी सांगाडे उभे आहेत आणि त्यांवर कॉड शेपट्या बांधून जोडीजोडीनं टांगलेले. मीठ नाही, फक्त थंड वारा. वलांडीवर एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील बघत मी वाढले, त्यामुळे त्या वासाला मी बुजले नाही. मासळी साफ करायच्या शेडमध्ये शाळकरी पोरं कॉडच्या जिभा कापत होती. तिथे हे काम पोरांचंच, आणि पैसेही त्यांचेच. पोरगा डोकं उचलतो, उभ्या टोकदार सळईत खुपसतो, सुरी एकदाच फिरवतो आणि जीभ बादलीत.

धक्क्यावरचा एक म्हातारा कोळी माझ्या कुप्यांकडे बराच वेळ बघत होता. मग त्यानं पेटीतून दोन मासे काढून माझ्यासमोर ठेवले. “हा बघ, हा लांबून आलेला. अंग लांब, सडपातळ, रंग फिकट. आणि हा इथला. आखूड, जाडा, शेवाळात राहून तपकिरी झालेला.” मी मान डोलावली. त्याचं अगदी बरोबर होतं. मग त्यानं तिसरा उचलला, उलटा केला, सुलटा केला, पोट दाबून पाहिलं आणि माझ्या हातात दिला. “याचं तूच सांग.”

त्या माशाच्या कल्ल्याचा तुकडा मी वेगळ्या कुपीत घातला. बर्गनला परतल्यावर यंत्राच्या पडद्यावर त्याचे दोन्ही उंचवटे आले, ए पण आणि बी पण. खडा किनारी कॉडचा. असे मासे असतातच, आणि ते स्क्रेईपेक्षा किनारी कॉडमध्ये जास्त सापडतात. म्हणून आम्ही एकेका माशाचा निकाल देत नाही. पेटीतल्या सगळ्या माशांत ए किती, बी किती, यावरून त्या दिवशी त्या जागी स्क्रेई आणि किनारी कॉड या दोन साठ्यांचं प्रमाण काय असेल ते काढतो. हे त्या कोळ्याला मी फोनवर सांगितलं. त्याला ते लगेच पटलं. एकट्या माशावरून थव्याची गोष्ट सांगता येत नाही, हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

या पद्धतीवरून मला हायथाबूच्या हाडांबद्दल वाचलेलं आठवतं. आजच्या जर्मनीत व्हायकिंगांचं हे व्यापारी गाव होतं. तिथे उकिरड्यात सापडलेल्या, इसवी सन 800 ते 1066 या काळातल्या कॉडच्या हाडांतून 2017 साली डीएनए काढला गेला. गुणसूत्रांवरच्या अशाच उलट्या भागांवरून कळलं की त्यातले मासे दूर आर्क्टिकच्या साठ्यातले होते. म्हणजे उत्तर नॉर्वेतला सुकवलेला कॉड तेव्हाही तिथवर विकायला जात होता. पुढे बर्गन शहर याच सुक्या कॉडच्या व्यापारावर मोठं झालं. हजार वर्षांपूर्वी जेवून टाकलेलं एक हाड, आणि त्यावरून मासा कुठल्या पाण्यातला हे सांगता येतं. आम्ही रोज सकाळी बघतो ती खूणही अशाच एका उलट्या भागातली.

बाल्टिक समुद्रातल्या हेरिंगची गोष्टही अशीच, थोडक्यात सांगते. बाल्टिकचं पाणी मचूळ आणि त्यातून येणारा उजेड लालसर. तिथल्या हेरिंगच्या डोळ्यातलं, मंद उजेडात दिसायला मदत करणारं एक प्रथिन फक्त एका अमिनो आम्लानं बदललेलं आहे आणि त्यामुळे ते लाल उजेड जास्त चांगला टिपतं. स्वीडनच्या उप्सालातल्या लेफ अँडरसन यांच्या गटानं 2019 मध्ये हे मांडलं. बाल्टिक मचूळ होऊन जेमतेम 8,000 वर्षं झाली. हेरिंग समुद्रभर फिरणारा, थव्यात अब्जावधींनी असणारा मासा. असा मासा एका ठिकाणच्या पाण्याला रुळणारच नाही, अशी समजूत फार दिवस होती. ती चुकीची ठरली.

घरी फोनवर मी हे सगळं बाबांना सांगत असते. ते ऐकून घेतात, मग विचारतात. एकदा म्हणाले, “बाय, मासा एकच ना? मग किनाऱ्यावरचा संपला तर उत्तरेचा येऊन राहील की तिथे.” प्रश्न साधा होता, आणि मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांतसुद्धा अनेक वर्षं हेच गृहीत धरलेलं होतं. मी म्हटलं, “नाही राहणार, बाबा. तो पाहुणा आहे. अंडी घालतो आणि परत जातो. त्याचं अंग फ्योर्डसाठी नाही. त्याची पिल्लं प्रवाहाबरोबर उत्तरेला जातात. फ्योर्डमधला संपला तर फ्योर्ड रिकामा.” ते थोडं थांबले. “आणि आपल्याकडे हे कुणी बघितलंय?”

थोडं बघितलं आहे, तारलीवर. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारताच्या आणि ओमानच्या किनाऱ्यावरच्या तारलीचा डीएनए तपासून दोघी वेगळ्या असल्याचं दाखवलं, आणि त्या फरकाचा संबंध तिथल्या पाण्याच्या वेगळेपणाशी जोडला. 2023 साली याच संस्थेनं तारलीचा संपूर्ण जीनोम वाचला. भारतीय उपखंडातल्या समुद्री माशाचं असं हे पहिलंच काम. केरळात 2012 साली जवळजवळ 3.9 लाख टन तारली उतरली होती, 2021 मध्ये फक्त 3,297 टन. समुद्र तापला, पाऊस बदलला, जाळी वाढली, कारणं अनेक असतील. पण त्या टनांमध्ये कुठल्या पाण्याची किती तारली होती, हे आकड्यातून कळत नाही. नॉर्वेत स्क्रेई आणि किनारी कॉड एका आकड्यात गेले तेव्हा जे झालं, तेच आपल्याकडे तारलीचं, बांगड्याचं होऊ शकतं. एवढंच की आपल्याकडे ते कुणी मोजलं नसेल.

इकडे बॅरेंट्स समुद्राच्या कॉडचा कोटा 2013 साली 10 लाख टन होता. 2025 साठी तो 3 लाख 40 हजार टनांवर आला. कोटा आखडतो तशी बोटींची घाई वाढते, आणि घाईत किनारी कॉड अधिक भरडला जाण्याची भीती असते. म्हणून गेल्या काही हंगामांत आमच्या पेट्यांचं महत्त्व मला पूर्वीपेक्षा जास्त वाटतं. काही वेळा उत्तर ‘बंद’ असं जातं आणि हेनिंग्सवेरच्या धक्क्यावर लोक वैतागतात. वैतागावंच, त्यांचा दिवस बुडतो. तरीही मला ही पद्धत योग्य वाटते, आणि तिच्या बाजूनं मी कुठेही बोलायला तयार आहे. जनुकशास्त्रानं मासा संपल्यावर तो वेगळा होता असं सांगण्यात काय अर्थ? ते जाळं पडायच्या आधी सांगितलं पाहिजे. या तपासणीचा 2007 पासूनच्या दशकभराचा हिशेब शास्त्रज्ञांनी छापून ठेवला आहे, कुणीही वाचावा.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कोकणातूनच यायला हवं आणि त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. रत्नागिरी, मालवण, वर्सोवा, कुठल्याही बंदरावर मत्स्य महाविद्यालयाचे विद्यार्थी असतात, बोटींवर शिकलेली पोरं असतात. त्यांना माझी विनंती आहे. तारली, बांगडा उतरेल तेव्हा कल्ल्याचा एक तुकडा स्पिरिटाच्या कुपीत टाका आणि कुपीवर तारीख, जागा आणि पाण्याची खोली लिहा. जागेच्या ठिकाणी बंदराचं नाव नको. मासा खरोखर जिथे धरला ती जागा हवी, आणि ती तांडेलालाच विचारावी लागेल.